मेल ब्लँक : हजार आवाजांचा माणूस की एक अस्सल नट?

कार्टूनमधल्या पात्रांना आवाज देणाऱ्या मेल ब्लँक या अमेरिकी कलावंताचे नाव निघाले की त्यामागोमाग ‘हजार आवाजांचा माणूस’ हे बिरुद येतेच. हॉलिवूडमधल्या त्याच्या थडग्यावरही ते कोरलेले आहे. बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग, ट्वीटी, सिल्वेस्टर, योसेमिटी सॅम, फॉगहॉर्न लेगहॉर्न, पेपे ल प्यू, स्पीडी गोन्झालेझ, मार्विन नावाचा मंगळवासी आणि ‘फ्लिंटस्टोन्स’मधला बार्नी रबल ही सगळी मंडळी एकाच गळ्यातून बोलत होती, हे लक्षात घेतले तर ते बिरुद खोटे म्हणता येणार नाही. तरीही मला ते अपुरे वाटते. आवाज बदलता येणे ही नकलाकाराची कला आहे आणि ती अनेकांना साधते. ब्लँक मात्र नट होता, आणि त्याचे मोठेपण आवाजांच्या संख्येत नसून प्रत्येक आवाजामागे उभ्या असलेल्या स्वभावात आहे, असे माझे म्हणणे आहे. त्यावर इथल्या जाणकारांनी लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

ब्लँकचा जन्म ३० मे १९०८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला आणि बालपण ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात गेले. शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात आवाज घुमतो म्हणून तिथे विचित्र हसत पळायची त्याला खोड होती. तो व्हायोलिन आणि ट्युबा वाजवत असे, आणि पुढे त्याच्या संवादांना जी लय दिसते तिचे मूळ मला या वादनातच असावे असे वाटते. १९२७ साली पोर्टलंडच्या रेडिओ केंद्रावर ‘हूट आउल्स’ या कार्यक्रमातून त्याची सुरुवात झाली. १९३३ मध्ये एस्टेलशी लग्न झाल्यावर नवराबायको मिळून ‘कॉबवेब अँड नट्स’ नावाचा कार्यक्रम करू लागले. आणखी कलावंत घ्यायला केंद्राची परवानगी नव्हती, त्यामुळे शेजारी, दुकानदार, पाहुणे, जो कोणी कथानकात येईल त्याला आवाज देणे ब्लँकलाच भाग पडले. आठवड्याचे सहा दिवस हे चालायचे. पुढे जगभर ज्याचे कौतुक झाले ते बहुरूपीपण असे काटकसरीतून आले.

१९३५ मध्ये दोघे लॉस एंजेलिसला आले. वॉर्नर ब्रदर्ससाठी कार्टून बनवणाऱ्या लिऑन श्लेसिंगरच्या स्टुडिओत ब्लँक पुनःपुन्हा जाऊन उभा राहायचा आणि तिथले नॉर्मन स्पेन्सर त्याला ‘आमच्याकडे पुरेसे आवाज आहेत’ असे सांगून परत पाठवायचे. स्पेन्सरनंतर त्या जागी बसलेल्या ट्रेग ब्राउनने त्याचे काम ऐकले आणि ताबडतोब दिग्दर्शकांना बोलावून ऐकवले. १९३७ च्या ‘पिकाडोर पोर्की’मधला दारू प्यायलेला बैल ही त्याची या स्टुडिओतली पहिली भूमिका. त्याच वर्षी ‘पोर्कीज डक हंट’मध्ये तो पोर्की झाला आणि त्याच कार्टूनमध्ये डॅफी डक जन्माला आला. दिग्दर्शक टेक्स एव्हरीच्या ‘अ वाइल्ड हेअर’मध्ये, १९४० साली, बग्ज बनी आज आपण ओळखतो त्या रूपात प्रथम दिसला. ब्रॉन्क्स आणि ब्रुकलिन या न्यूयॉर्कच्या दोन वस्त्यांची बोली एकत्र करून त्याने तो आवाज घडवला, असे ब्लँक सांगत असे. बग्जचे गाजर तो खरोखर चावायचा, कारण इतर कशाचाही तसा कुरकुरीत आवाज ध्वनिमुद्रणात येत नव्हता. पण चावलेले गिळून पुढचे वाक्य म्हणायला वेळ नसल्यामुळे शेजारी ठेवलेल्या भांड्यात ते थुंकावे लागे.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. चक जोन्सने दिग्दर्शित केलेले १९५१ चे ‘रॅबिट फायर’ कुणी पाहिले नसेल तर जरूर पाहावे. शिकारी एल्मर फड बंदूक घेऊन उभा आहे आणि शिकारीचा हंगाम सशांचा की बदकांचा यावर बग्ज हा ससा आणि डॅफी हे बदक हुज्जत घालत आहेत. एका क्षणी डॅफी सशाचा वेश घेऊन येतो आणि बग्ज बदकाचा. डॅफी बग्जच्या ढंगात एल्मरची विचारपूस करतो, बग्ज डॅफीसारखा तडकून उत्तर देतो. इथे डॅफीच्या तोंडी थेट बग्जचा आवाज घातला असता तरी प्रेक्षक हसले असते. ब्लँक तसे करत नाही. बग्जची नक्कल डॅफी कशी करेल, त्यात त्याचा उतावळेपणा कुठे उघडा पडेल, आणि डॅफीची नक्कल करताना बग्ज आतून किती निवांत असेल, हे तो आवाजातून दाखवतो. डोळे मिटून ऐकले तरी कोण कुणाचे सोंग घेत आहे हे कळते. चार दिशांना चार माणसे उभी करणे निराळे, आणि एका माणसाच्या आत दुसऱ्याला उभे करणे निराळे.

सिल्वेस्टर हा बोका आणि डॅफी ही जोडीही अशीच तपासण्याजोगी आहे. दोघांचाही ‘स’ ओला आणि फुसफुसणारा, मूळ आवाज जवळपास एकच. डॅफीचे ध्वनिमुद्रण वेग वाढवून वाजवले जाई एवढाच यांत्रिक फरक. तरीही सिल्वेस्टर बोलतो तेव्हा वारंवार मार खाऊनही प्रतिष्ठा सांभाळू पाहणारा एक गृहस्थ समोर येतो, आणि डॅफी बोलतो तेव्हा जगाने आपल्याला नेहमी डावलले अशी खात्री असलेला एक मत्सरी जीव. हा फरक यंत्राने केलेला नाही.

१९६१ च्या अपघाताबद्दल बहुतेकांनी वाचले असेल, तरी लिहितो. २४ जानेवारीला लॉस एंजेलिसच्या सनसेट बूलेव्हार्डवरच्या एका कुप्रसिद्ध वळणावर त्याच्या गाडीची समोरासमोर टक्कर झाली. कवटी, दोन्ही पाय आणि कंबरेचे हाड मोडले, आणि तो सुमारे दोन आठवडे बेशुद्ध होता. घरचे बोलावत, तो ओ देत नसे. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञ लुई कॉनवे यांनी एके दिवशी ‘बग्ज बनी, आज कसे वाटते आहे?’ असे विचारले, आणि क्षीण आवाजात उत्तर आले ते बग्जचे. मग डॉक्टरांनी ट्वीटीची चौकशी केली, तेव्हा ट्वीटीनेही ओ दिली. या प्रसंगाला चमत्कार म्हणून सोडून देऊ नये. आयुष्यातली पंचवीस वर्षे माणूस ज्या भूमिकांत रोज शिरतो त्या त्याच्या स्वतःच्या नावाइतक्याच खोल जाऊन बसतात, एवढे त्यातून नक्की दिसते. त्यानंतर घरी प्लास्टरमध्ये पडून असताना त्याच्या खाटेभोवती मायक्रोफोन लावून ‘फ्लिंटस्टोन्स’चे ध्वनिमुद्रण झाले. मधल्या काही भागांत बार्नीचा आवाज डॉज बटलरने दिला होता. ब्लँकने शहर प्रशासनावर दावा लावला आणि पुढे त्या वळणाची बांधणी सुधारण्यात आली.

प्रतिसाद : रेडिओवेडा

लेख आवडला. पण ब्लँकच्या अभिनयाचा सर्वांत मोठा पुरावा कार्टूनमध्ये नसून जॅक बेनी या अमेरिकी विनोदवीराच्या रेडिओ कार्यक्रमात आहे, असे मी म्हणेन. तिथे तो १९३९ च्या सुमारास आला तेव्हा बेनीच्या तळघरात राहणाऱ्या कारमायकल नावाच्या ध्रुवीय अस्वलाची गुरगुर एवढेच काम त्याच्याकडे होते. काही महिने गुरगुरल्यावर त्याने बेनीला ‘मला बोलताही येते’ असे सांगितले, आणि मग त्याच्या वाट्याला पोपट, बेनीचे त्रासलेले व्हायोलिन शिक्षक आणि रेल्वे स्थानकावरचा निवेदक अशा भूमिका येत गेल्या.

बेनीच्या जुन्या मॅक्सवेल गाडीचा आवाज तर त्याचाच. गाडीच्या आवाजाची तबकडी ऐन प्रक्षेपणात वाजली नाही, तेव्हा ब्लँकने माइकपुढे येऊन तोंडानेच ती गाडी चालू केली: आधी खोकला, मग धाप, मग एक आशेचा क्षण आणि पुन्हा सगळे बंद. लोक हसून लोळले आणि ती भूमिका कायमची त्याची झाली. वाक्य नाही, शब्द नाही, केवळ घशातले आवाज, आणि तरीही त्या गाडीचा म्हातारपणाचा हट्ट कळतो.

तसाच तो एका मेक्सिकन माणसाचा प्रवेश. बेनी एकेक प्रश्न विचारतो आणि समोरचा माणूस अतिशय थंडपणे ‘सी’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘हो’, एवढेच म्हणतो. नाव विचारले तर ‘साय’, बहिणीचे नाव ‘स्यू’, आणि ती काय काम करते म्हटले तर ‘सो’, म्हणजे शिवणकाम. बेनीला स्वतःला हसू आवरत नसे. दोन उत्तरांमधला विराम ब्लँक किती ताणतो ते ऐकावे.

प्रतिसाद : दूरदेशी

मूळ लेखात एका गोष्टीचा उल्लेख व्हायला हवा होता, तो मी करतो, कारण त्याशिवाय हे चित्र एकतर्फी राहते. १९४० च्या दशकात ब्लँकने श्लेसिंगरकडे पगारवाढ मागितली. ती मिळाली नाही, पण त्याऐवजी पडद्यावर नाव देण्याचे मान्य झाले, आणि १९४४ पासून ‘आवाज : मेल ब्लँक’ अशी ओळ झळकू लागली. आवाज देणाऱ्या कलावंताला तोवर असे श्रेय मिळत नसे, त्यामुळे ही घटना मोठीच आहे.

मात्र अनेक वर्षे ते नाव एकट्याचेच राहिले. एल्मर फडचा आवाज आर्थर क्यू. ब्रायनचा होता, पडद्यावर त्याचे नाव नाही. ट्वीटीची मालकीणबाई म्हणजे ग्रॅनी, ती आधी बी बेनाडरेट आणि १९५५ पासून जून फोरे यांनी केली. बहुतेक ठिकाणी त्यांचीही नावे नाहीत. स्टॅन फ्रीबर्ग अनेक कार्टूनमध्ये आहे आणि बहुतेक ठिकाणी श्रेयनामावलीत नाही. रोडरनर या पळणाऱ्या पक्ष्याची ती प्रसिद्ध शिट्टीवजा ललकारी पार्श्वभूमीची चित्रे रंगवणाऱ्या पॉल ज्युलियनची आहे. ‘रॅबिट फायर’च्या ज्या प्रवेशाचे आपण कौतुक केले आहे, त्यात ब्रायनचा एल्मर समोर गोंधळून उभा आहे म्हणून तर त्या दोघांची सोंगे रंगतात. प्रेक्षकांनी पडद्यावर एकच नाव वाचले आणि सगळे आवाज त्याचेच असे धरून चालले. ‘हजार आवाज’ या बिरुदात काही आवाज दुसऱ्यांचे जमा झाले आहेत.

प्रतिसाद : धागालेखक

दूरदेशी, आपला मुद्दा रास्त आहे आणि ब्रायनबद्दल तर मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. एल्मर हा तोडीस तोड अभिनय आहे. फक्त दोष कुणाकडे जातो याचा विचार व्हावा. पैसे वाचवण्यासाठी स्टुडिओने एकाला नाव दिले आणि बाकीच्यांना तेही दिले नाही. ब्लँकने स्वतःसाठी मागितले, आणि त्या काळी करारावर काम करणारा कलावंत याहून फार काही करू शकत नव्हता.

मिळालेल्या श्रेयाचा फायदाही त्याला झाला. रेडिओचे निर्माते नाव वाचून त्याला बोलावू लागले, आणि १९४६ मध्ये सीबीएस रेडिओवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम आला. तो वर्षभरच चालला. मला वाटते, त्यात त्याला नायक म्हणून साध्या आवाजात बोलायला लावले होते आणि तिथेच गणित चुकले.

प्रतिसाद : पडद्यामागचा

मी मुंबईत डबिंगमध्ये काम करतो, म्हणून कामाच्या पद्धतीतला एक फरक सांगतो. आपल्याकडे परदेशी कार्टूनचे हिंदी किंवा मराठी डबिंग होते तेव्हा चित्र आधीच तयार असते. बूथमध्ये एकट्याने उभे राहायचे, हेडफोनमध्ये मूळ आवाज ऐकायचा, पडद्यावर ओठ उघडले की वाक्य सुरू करायचे आणि मिटायच्या आत संपवायचे. वाक्य लांब झाले तर शब्द गाळायचा, आखूड पडले तर एखादा ‘अरे’ किंवा ‘हं’ घालायचा. पात्राने भुवई किती उंचवायची हे दुसऱ्या कुणीतरी केव्हाच ठरवलेले असते, आणि त्या भुवईला शोभेल असे बोलणे हे आमचे काम.

ब्लँकच्या बाबतीत क्रम उलटा होता. संवाद आधी ध्वनिमुद्रित होत आणि चित्रकार ते ऐकून ओठ, डोळे, खांदे काढत. त्यामुळे त्याने एखाद्या शब्दावर अडखळायचे ठरवले तर पात्र पडद्यावर अडखळे. त्याचा श्वास चित्रात उतरला आहे. धागालेखक त्याला नट म्हणतात ते या कारणानेही बरोबर आहे. यात डबिंग कमी प्रतीचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही; दुसऱ्याने आखलेल्या चौकटीत स्वभाव उभा करणे हेही अवघडच आहे, पण ती वेगळी परीक्षा आहे.

घशाबद्दलही लिहितो. योसेमिटी सॅम सतत ओरडतो, आणि त्या आवाजाने घसा सोलवटून निघतो असे ब्लँक म्हणत असे. आमच्याकडेही असे ‘ओरडे’ संवाद सत्राच्या शेवटी ठेवतात, कारण ते आधी झाले तर त्या दिवशी बाकीचा आवाज हाताशी राहत नाही.

प्रतिसाद : संथवाहिनी

मी स्वतः अडखळत बोलते, त्यामुळे अडखळत बोलणाऱ्या पोर्की पिग या डुकराकडे मी नेहमी सावधपणे पाहत आले आहे. ब्लँकच्या आधी पोर्कीचा आवाज जो डॉहर्टी नावाचा कलावंत देत असे. तो खराच अडखळत बोलायचा. त्याचे अडखळणे त्याच्या ताब्यात नसल्यामुळे ध्वनिमुद्रण लांबायचे, फिल्म वाया जायची, आणि म्हणून त्याला काढून ब्लँकला घेतले. एका अडखळणाऱ्या माणसाची जागा अडखळण्याचा अभिनय करणाऱ्याने घेतली, ही गोष्ट मला बोचते आणि ती बोचणारच.

तरीही ब्लँकचा पोर्की ऐकताना एक गोष्ट मान्य करावी लागते. तो एखाद्या शब्दावर अडतो, दोनतीनदा प्रयत्न करतो, आणि मग तो शब्द सोडून दुसराच सोपा शब्द वापरून वाक्य पुरे करतो. अडखळणाऱ्या माणसाला ही युक्ती आतून ठाऊक असते. मीही फोनवर ‘परवा’ निघेना झाले की ‘गुरुवारी’ म्हणते. पोर्की हरत नाही, तो वाट बदलतो आणि आपले म्हणणे पोचवतोच. ब्लँकने नुसता आवाज उचलला असता तर हे आले नसते. त्याने कुणालातरी लक्ष देऊन ऐकले असले पाहिजे.

प्रतिसाद : कानसेन

संथवाहिनी यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. त्यांना धन्यवाद.

भारतात कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये आले तेव्हा ही कार्टून इंग्रजीतच लागत आणि रात्री त्याच वाहिनीवर टीएनटी या दुसऱ्या वाहिनीचे जुने चित्रपट सुरू होत. मराठी शाळेत शिकणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना ब्रुकलिनची बोली कळणे शक्यच नव्हते. फॉगहॉर्न लेगहॉर्न हा कोंबडा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बढाईखोर पुढाऱ्यासारखा बोलतो हे मला फार उशिरा समजले. पण तो दुसऱ्याचे ऐकून न घेता स्वतःचेच वाक्य पुनःपुन्हा म्हणणारा माणूस आहे, हे तेव्हाही समजत होते, कारण असे काका प्रत्येक लग्नघरात भेटतात. भाषा न कळता स्वभाव कळतो, हा धागालेखकांच्या म्हणण्याला आणखी एक पुरावा मानावा.

ब्लँकने वुडी वुडपेकर या कार्टूनमधल्या सुतारपक्ष्याला दिलेल्या हास्याचे काय झाले, याबद्दल कुणी लिहील का?

प्रतिसाद : धागालेखक

कानसेन, ते हास्य म्हणजे पोर्टलंडच्या शाळेतल्या व्हरांड्यात घुमलेले हास्यच. बग्जचा पूर्वावतार म्हणता येईल असा एक चक्रम ससा १९३८ च्या ‘पोर्कीज हेअर हंट’मध्ये आहे, त्याला ब्लँकने आधी ते दिले होते. १९४० मध्ये वॉल्टर लँट्झच्या स्टुडिओत वुडीचा जन्म झाला तेव्हा ते वुडीकडे गेले. थोड्याच काळात वॉर्नरच्या कार्टूनशी एकनिष्ठ राहण्याचा करार झाल्याने ब्लँकने वुडी सोडला, परंतु लँट्झकडे ते ध्वनिमुद्रण होते आणि ते वापरले जात राहिले. १९४८ मध्ये त्या हास्यावर बेतलेले एक गाणे अमेरिकेत तुफान गाजले, तेव्हा ब्लँकने पाच लाख डॉलरहून अधिक भरपाईचा दावा लावला. त्या हास्यावर त्याने स्वामित्वहक्क नोंदवलेला नव्हता, या कारणाने निकाल लँट्झच्या बाजूने लागला; पुढे दोघांनी न्यायालयाबाहेर तडजोड केली.

माणसाचे हास्य हे त्याच्या मालकीचे आहे की नाही, हा प्रश्न १९४८ मध्ये जितका अवघड होता त्याहून आज कितीतरी अवघड झाला आहे. संगणकाला आवाजाचा नमुना देऊन हवे ते बोलवून घेता येते. ‘पडद्यामागचा’ यांच्यासारख्या कलावंतांनी करारावर सही करण्यापूर्वी हा खटला जरूर वाचावा असे मला कळकळीने वाटते.

प्रतिसाद : पडद्यामागचा

नक्कीच. आमच्या व्यवसायात हाच विषय सध्या रोज बोलला जातो. नव्या करारांत आवाज ‘कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी’ वापरण्याची मुभा मागणारे कलम असते, आणि नवखी मुले काम हातचे जाईल या भीतीने त्यावर सही करतात.

प्रतिसाद : दूरदेशी

शेवटच्या वर्षांबद्दल थोडे लिहितो. १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये ब्लँकने बग्ज, डॅफी, पोर्की, ट्वीटी आणि सिल्वेस्टर यांना आवाज दिला, आणि त्यात बग्ज मिकी माउससोबत एकाच चौकटीत आला. योसेमिटी सॅमचा आवाज मात्र जो अलास्कीने दिला, कारण ते ओरडणे आता ब्लँकच्या घशाला झेपत नव्हते. आयुष्यभराच्या धूम्रपानाने फुप्फुसे खराब झाली होती. १० जुलै १९८९ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये त्याचे निधन झाले. मुलगा नोएल याला त्याने हे आवाज शिकवले होते.

धागालेखकांच्या मुद्द्याशी संबंधित भाग यानंतरचा आहे. ब्लँक गेल्यावर ही पात्रे जेफ बर्गमन, जो अलास्की, ग्रेग बर्सन, बिली वेस्ट, बॉब बर्गन अशा अनेकांत वाटली गेली. १९९६ च्या ‘स्पेस जॅम’मध्ये बग्जला बिली वेस्टचा आणि डॅफीला डी ब्रॅडली बेकरचा आवाज आहे. दोघेही उत्तम आहेत, पण ते दोन माणसांचे संभाषण आहे. बग्ज आणि डॅफी यांच्या भांडणात जो एकाच घरातल्या भावंडांसारखा सूर होता तो तिथे ऐकू येत नाही. अलीकडे एरिक बाउझा हा कलावंत बग्ज आणि डॅफी दोन्ही करतो. ‘रॅबिट फायर’मधल्या सोंगांचा प्रवेश ज्यांना बारकाईने अभ्यासायचा आहे त्यांनी २०२० पासून आलेल्या ‘लूनी टून्स कार्टून्स’ मालिकेतली त्या दोघांची भांडणेही सोबत ऐकावीत. बाउझा बग्जच्या वाक्यावर डॅफीचे वाक्य ज्या वेगाने आणतो, त्यात मला तो जुना सूर पुन्हा ऐकू येतो.